श्वास घेणारी विहीर

चौकशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ते मावशीनं ठेवलं, आणि तेही वैतागून. आई आणि मावशी मिळून कुकर, स्टोव्ह आणि मिक्सर दुरुस्तीचं दुकान चालवायच्या. दुकान म्हणजे अडीच माणसं मावतील एवढा गाळा. भिंतीवर खिळ्यांना रबरी रिंगा टांगलेल्या, डब्यांत शिट्ट्या, आणि कोपऱ्यात लोकांनी टाकून दिलेल्या कुकरांचा ढीग. त्या ढिगावर बसून ही पोर सकाळपासून एकच जप करायची, हे असं का? वाफ वरच का जाते? शिट्टी थांबून थांबून का वाजते? मावशी सुरुवातीला उत्तरं द्यायची, मग हूं हूं करायला लागली, आणि एक दिवस हातातला पाना आपटून म्हणाली, "अगं, पोर आहे की पोलीस? हिचं नावच चौकशी ठेवायला हवं होतं!" झालं. आईसुद्धा हाक मारताना तेच म्हणायला लागली.

शाळेत असताना तिनं एक प्रयोग केला. शिट्टी जड असते म्हणून वाफ अडते, हे तिला कळलं होतं. मग शिट्टी आणखी जड केली तर? घरी कुणी नाही असं बघून तिनं शिट्टीवर लोखंडी नट दोरीनं आवळून बांधले आणि गॅस मोठा केला. दोघी बहिणी दुकानातून परतल्या तेव्हा बटाटे छताला चिकटलेले होते आणि चौकशी टेबलाखाली बसलेली होती, पांढरी फटक, पण डोळे लकाकत होते.

मावशी म्हणाली, "एक दिवस ही घर उडवणार."

आईनं मारलं नाही. तिनं पोरीला शिडीवर चढवून छत खरवडायला लावलं, आणि ती खाली उतरल्यावर कुकरच्या झाकणातलं वितळलेलं छोटं बूच तिच्या तळहातावर ठेवलं. "हे मुद्दाम कच्चं ठेवलेलं असतं. बाकीचं वाचावं म्हणून. हे नसतं तर मी आज छतावरून बटाटे नाही, तुला गोळा केलं असतं."

त्या रात्री चौकशीला झोप लागली नाही म्हणतात. भीतीनं नव्हे. ते बूच नेमकं कधी वितळतं, हे आईला विचारायचं राहून गेलं होतं.

अशी पोर पुढे दगडांचं शिक्षण घेईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण कॉलेजात गेल्यावर तिला कळलं की जमिनीखाली कोसभर खोल दगडांच्या पोटात पाणी, तेल आणि वायू दाबून बसलेले असतात, अगदी कुकरातल्या वाफेसारखे, आणि वर शिट्टी म्हणून बसलाय तो अख्खा डोंगर. मग तिला दुसरं काही सुचेना. भूशास्त्राची पदवी घेऊन ती तेल शोधायला खोल विहिरी खोदणाऱ्या रिगवर नोकरीला लागली.

मधल्या काळात तिचं लग्नही झालं, आणि तेही चौकश्या करूनच. ती राहायची त्या इमारतीची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत ही एकटी. मेकॅनिक आला, त्यानं वरच्या फटीतून विचारलं, "बाई, घाबरला नाहीत ना?" आतून उत्तर आलं, "नाही. पण दोर तुटला तर ही पडत का नाही, ते सांगा." त्यानं लिफ्ट सुरू करायच्या आधी तिला ब्रेक, पलीकडचं वजन, दोरांची संख्या असं सगळं समजावलं. लिफ्ट लवकर सुरू झाली असती, पण दोघांनाही घाई नव्हती. वर्षभरात तो मावशीचा जावई झाला. मावशी त्याला बाजूला घेऊन म्हणाली, "बघा हं, नंतर तक्रार चालणार नाही. विकलेला माल परत घेतला जात नाही."

रिगवर चौकशीची जागा होती एका पत्र्याच्या केबिनमध्ये. आत गारठा, संगणकांचे चार पडदे, एक सूक्ष्मदर्शक, दगडांच्या चुऱ्याच्या पिशव्या आणि बसून बसून कापूस निघालेली खुर्ची. काम थोडक्यात सांगायचं तर विहिरीतून वर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर नजर ठेवायची. खोदताना पोकळ नळीतून वरून खाली एक जड चिखल सोडतात. रिगवर त्याला मड म्हणतात. तो तळाशी ड्रिलच्या तोंडातून बाहेर पडतो आणि नळीच्या बाहेरच्या पोकळीतून, दगडाचा चुरा घेऊन, पुन्हा वर येतो, चाळण्यांवरून टाक्यांत पडतो, टाक्यांतून पुन्हा खाली. पण मडचं खरं काम चुरा वाहणं हे नव्हेच. त्याचं वजन हीच विहिरीची शिट्टी. ते वजन कमी पडलं तर दगडातला वायू विहिरीत घुसतो आणि वरच्या माणसांकडे निघतो. ते जास्त झालं तर दगडच फाटतो आणि मड पिऊन टाकतो. या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं चालायचं.

रिगवर तिचं लक्ष लागलं ते दोन माणसांवर. एक ड्रिलर, म्हणजे खोदायचं यंत्र चालवणारा, ज्याला सगळे मामा म्हणत. आडव्या बांध्याचा, खर्जातल्या आवाजाचा. ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवला की खाली खडक मऊ लागतोय की कडक हे त्याला मनगटात कळायचं. दुसरे साहेब, तेल कंपनीच्या वतीनं विहिरीची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते. उंच, वाकलेले, सतत गळ्यातल्या दोरीला लटकलेला चष्मा शोधणारे. चौकशीनं दोघांनाही पहिल्या आठवड्यातच भंडावून सोडलं. साहेब उत्तरं द्यायचे. मामा म्हणायचे, "ताई, ही विहीर तुमच्यापेक्षा कमी बोलते."

आणि तीच विहीर एक दिवस श्वास घ्यायला लागली.

झालं असं. नवी नळी जोडायची म्हणून मामांनी पंप बंद केले. पंप बंद झाले की वर येणारा मड थोड्याच वेळात थांबायला हवा. हा थांबेना. न चालवता विहीर वाहतेय, म्हणजे खालून कुणीतरी ढकलतंय. मामांनी जराही न थांबता विहिरीच्या तोंडावरच्या जाड लोखंडी झडपा मिटल्या. विहिरीचा दाब मोजणाऱ्या काट्यावर थोडासा दाब दिसला. साहेबांनी तो चोकमधून, म्हणजे हवी तेवढीच उघडता येणाऱ्या बाजूच्या झडपेतून, घोटभर सोडला आणि पुन्हा बंद करून बघत उभे राहिले. दाब उतरला, पुन्हा चढला नाही. पुन्हा घोटभर सोडला. आणखी उतरला. असं करत करत काटा शून्यावर आला आणि तिथंच राहिला.

"वायू नाही," साहेब म्हणाले. "वायू असता तर काटा परत चढला असता."

"मग काय आहे?" चौकशीनं विचारलं.

"खडकाला बारीक चिरा आहेत. पंप चालू असताना मडला वरून जास्तीचा रेटा मिळतो, तेव्हा चिरा उघडतात आणि मड पितात. पंप थांबला की मिटतात आणि प्यायलेलं परत ओकतात. विहीर श्वास घेते म्हण."

"आणि आपण हा वायू समजून मड जड केला असता तर?"

"तर चिरा आणखी उघडल्या असत्या, आणखी प्यायल्या असत्या, आणखी ओकल्या असत्या. आपण म्हटलं असतं, अजून जड करा. आगीतून फुफाट्यात."

चौकशी केबिनमध्ये परतली ती हरखून. दगड श्वास घेतो! तिनं नवऱ्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "अच्छा. जेवलीस का?" पण त्या दिवसापासून तिला नादच लागला. पंप बंद झाला की परत येणाऱ्या मडची रेघ पडद्यावर उमटायची. ती प्रत्येक वेळची रेघ आधीच्या रेघांवर ठेवून बघायची. रेघा जवळपास एकसारख्या, आधी जोरात, मग ओसरत ओसरत, मग सपाट. थकलेल्या माणसाच्या उसाशासारख्या. रिगवरची माणसंही सरावली. मामा तर केबिनच्या दारातून डोकावून विचारायचे, "काय नर्सबाई, पेशंटचा श्वास कसा आहे?"

सरावणं हेच वाईट. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही, चौकशीच्याही नाही. ती काही सावध म्हणून रेघा बघत नव्हती. तिला त्या आवडत होत्या.

मग एका दुपारी, जेवणं उरकून सगळे जरा सुस्तावलेले असताना, मामांना दांड्यावर खडक अचानक मऊ लागला. त्यांनी खोदणं थांबवलं, नळी थोडी वर ओढली, पंप बंद केले आणि नेहमीप्रमाणे बघत राहिले. मड येत होता. येणारच. मामांनी केबिनला फोन लावला. "श्वास घेतेय नेहमीचा. जरा बघा आणि हो म्हणा."

चौकशी बघत होती. रेघ जोरात सुरू झाली, ओसरायला लागली, अगदी जुन्या रेघांना चिकटून खाली आली. आणि मध्येच थबकली. सपाट होण्याऐवजी तशीच तरंगत राहिली. मग, अगदी किंचित, वर वळली.

ती उठून उभी राहिली. जिना उतरताना कुणीतरी शेवटच्या पायरीआधी थांबून पुन्हा वर पाऊल टाकावं, तसं तिला वाटलं.

"मामा, बंद करा."

पलीकडून फोन तसाच लटकत ठेवल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ झडपा मिटल्याचा जड धप्प आवाज पायाखालच्या जमिनीतून वर आला.

साहेब चष्मा शोधत धावत आले. आता दोन काटे महत्त्वाचे होते. एक नळीच्या आतला दाब दाखवणारा, दुसरा बाहेरच्या पोकळीतला. नळीचा काटा वीस बारवर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे वीसपटीवर, स्थिरावला, पोकळीचा बत्तीसवर. साहेबांनी घोटभर सोडून बघितलं. काटा उतरला आणि पुन्हा जागेवर आला. पुन्हा सोडलं. पुन्हा आला. पोकळीचा तर हळूहळू चढायलाच लागला.

"हा श्वास नाही," साहेब म्हणाले. "आत पाहुणा आलाय."

"पण दोन काट्यांत फरक का?" चौकशीच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिला वाटलं, ही काय वेळ आहे विचारायची? पण साहेबांना तो प्रश्न हवाच होता, कारण भोवती तीन-चार जण घाबरून उभे होते आणि त्यांनाही ऐकू जाणार होतं.

"गवंडी पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतो, पाहिली असशील. दोन टोकं वर, पोट खाली. आपली विहीर तशीच. एक हात म्हणजे नळी, दुसरा हात बाहेरची पोकळी, खाली दोन्ही जोडलेले. नळीत निव्वळ मड आहे, त्याचं वजन आपल्याला ठाऊक. पोकळीत खालच्या टोकाला वायू शिरलाय, तो हलका, म्हणून त्या बाजूला वरून जास्त दाबावं लागतं. खरं काय ते नळी सांगते. मड तळाशी जेवढा कमी पडतोय तेवढं ती दाखवते. वीस बार."

मग हिशेब. साहेबांचा दंडक होता की दोघांनी वेगवेगळा करायचा आणि नंतर ताडून बघायचा. चौकशी खाली मान घालून भराभर गणित करायला लागली. सध्याचा मड पाण्याच्या एक पूर्णांक चाळीस पट जड. तो किती जड केला म्हणजे तळाशी वीस बार वाढतील? तिचं उत्तर आलं एक पूर्णांक सेहेचाळीस. साहेबांचं आलं सत्तेचाळीस.

"एकाचाच तर फरक," मामा म्हणाले.

साहेबांनी तिच्या कागदाकडे पाहिलं. "खोली किती धरलीस?"

"तीन हजार चारशे मीटर."

"ती नळीची लांबी. विहीर तिरकी आहे ना आपली? पाचव्या मजल्यावर जिन्यानं गेलीस काय आणि लिफ्टनं गेलीस काय, मजला पाचवाच. वजन उभ्या उंचीचं मोजायचं."

लिफ्टवाल्याची बायको असून हे चुकावं! तिचे कान गरम झाले. उभी खोली तीन हजार. तेवढ्या उंचीचं नुसतं पाणी तळाशी दोनशे चौऱ्याण्णव बार दाब देतं. वीसला दोनशे चौऱ्याण्णवनं भागलं की शून्य पूर्णांक शून्य सहा आठ. तेवढं वाढवायचं, आणि वर पूर्ण करून एक पूर्णांक सत्तेचाळीस. तिच्या आकड्यानं मड भरला असता तर तळाशी दोन-अडीच बार कमी पडले असते, आणि पाहुणा पुन्हा दारात उभा राहिला असता.

"एक पूर्णांक पन्नास करून टाकू," मामा म्हणाले. "थोडा हातचा असू द्या."

"आणि श्वास घेणाऱ्या चिरा?" आता चौकशीनं विचारलं.

साहेबांनी मान हलवली. "सत्तेचाळीस. ना कमी, ना जास्त. पंप अगदी सावकाश. आणि मडमध्ये टरफलांचा भुगा मिसळा, चिरा जमतील तेवढ्या बुजू देत."

टाक्यांत जड पांढऱ्या भुकटीची पोती रिकामी व्हायला लागली. तो मड तयार होईपर्यंत जुन्याच मडनं आधी वायू बाहेर काढायचा ठरला. मामा पंपावर, साहेब स्वतः चोकवर, चौकशी टाक्यांचे आकडे ओरडून सांगायला. नियम एकच होता, नळीचा काटा हलू द्यायचा नाही, चोक उघडून-मिटून तो जागेवर ठेवायचा.

वायू वर सरकायला लागला तशी पोकळीच्या काट्यावरची सुई चढू लागली. त्याबरोबर टाक्यांतली पातळीही. खालून वर येताना वायू फुगतो, आणि फुगताना आपल्यावरचा मड पुढे ढकलतो. हे सगळं चौकशीला पुस्तकातून पाठ होतं. पण पातळी डोळ्यांदेखत वाढताना बघणं निराळं. तिचा हात आपोआप पुढे झाला, जणू चोक तिच्याच हातात आहे आणि तो आवळायचाय.

"साहेब, वाढतेय!"

"वाढू दे."

"खूप वाढतेय!"

"त्याला फुगू दिलं नाही तर तो तळाचा दाब जसाच्या तसा वर घेऊन येईल, आणि मग आपली चिरांची जमीन फुटेल. वाढू दे. तू नुसतं सांगत राहा."

ती सांगत राहिली. आवाज बसला तरी सांगत राहिली. मग वायू जाळून टाकण्यासाठी लांब नेलेल्या नळाच्या तोंडावर एकदम भडका उडाला. नारिंगी, उन्हातही डोळे दिपवणारा. त्याचा आवाज मागून आला, मोठं कापड टरकावल्यासारखा. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. साहेबांनी मात्र पाहिलं नाही, त्यांची नजर नळीच्या काट्यावर होती. थोड्या वेळानं पोकळीचा दाब घसरायला लागला, भडका बारीक झाला, विझला. पंप थांबवून विहीर पुन्हा मिटली तेव्हा दोन्ही काटे वीसवर उभे होते, शेजारी शेजारी, एका उंचीचे.

"दोन्ही हात सारखे," चौकशी पुटपुटली. म्हणजे पोकळीत आता निव्वळ मड होता.

मग जड मड. तो नळीतून उतरला तसा नळीचा काटा उतरत गेला, पोकळीतून चढला तसा पोकळीचा. दोन्ही शून्य झाले. झडपा उघडल्या. आणि मड वाहायला लागला.

मामांचा हात पुन्हा झडपांच्या दांड्यावर गेला. चौकशी केबिनकडे पळाली. पडद्यावर रेघ उमटत होती. जोरात, मग ओसरत. तिनं ती जुन्या रेघांवर ठेवली. रेघ खाली आली, मघाशी थबकली होती त्या जागी पोचली, आणि न थांबता पुढे निघून सपाट झाली.

"श्वास आहे!" ती दारातून ओरडली. "नेहमीचाच आहे, मामा!"

मामांनी दांड्यावरचा हात काढून पँटला पुसला.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती त्यांच्याशेजारी जाऊन बसली. "मामा, एक विचारू?"

"नाही म्हटलं तर थांबणार आहात?"

"मी बंद करा म्हटलं तेव्हा तुम्ही का विचारलं नाहीत? तुम्हाला तर श्वासच वाटत होता."

मामांनी चहाचा घोट घेतला. "विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. तुमचं सांगणं थोडक्यात कधी असतं?" मग जरा थांबून म्हणाले, "विहीर मिटून मग चुकलो म्हणता येतं, ताई. उघडी ठेवून नाही."

चौकशीनं नंतर बरीच वर्षं रिगवर काढली. मग मुलगी शाळेत जायला लागल्यावर तिनं शहरात प्रशिक्षण केंद्रात काम धरलं. तिथं खोटी विहीर असते, खरे काटे असतात, आणि नवी मंडळी घामाघूम होईपर्यंत चोक सांभाळायला शिकतात. ती त्यांना सगळं शिकवते, आणि तिरक्या विहिरीच्या गणितात लांबी धरणारा कुणी निघाला की आपली चूक आठवून त्याला दोन चहा पाजते. पण एक गोष्ट तिच्या मनात घर करून होती. त्या चिरा तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. विहिरीतून वर येतो तो चुरा, चिरा येत नाहीत.

शेवटी तिला कळलं की शेजारच्या एका विहिरीतून त्याच थरातला अखंड दगड, लांबलचक कांबीसारखा, कापून वर काढलेला आहे आणि तो दुसऱ्या शहरातल्या गोदामात ठेवलाय. सुट्टीत तिनं नवऱ्याला गाडीत बसवलं. तो म्हणाला, "लोक सुट्टीत समुद्र बघतात."

गोदाम म्हणजे छतापर्यंत लाकडी खोकी. तिथल्या म्हाताऱ्या कारकुनानं हवं ते खोकं शोधून टेबलावर आणून ठेवलं. राखाडी, गुळगुळीत, मनगटाएवढा जाड दगड. चौकशीनं तो ओल्या फडक्यानं पुसला, भिंग लावलं आणि वाकून बघत राहिली. बराच वेळ काही दिसेना. मग ओल दगडावरून वाळत गेली, आणि एका जागी ती वाळली नाही. केसाएवढी रेघ, आडवी. तिनं नख लावून बघितलं. नख आत जाईना.

"सापडली," ती म्हणाली.

नवऱ्यानं भिंग घेतलं, एक डोळा मिटून पाहिलं. "एवढीशी? हिनं तुम्हा सगळ्यांना नाचवलं?"

"हिनं आणि हिच्या हजार बहिणींनी."

तो बघतच होता. भिंग मागेपुढे केलं, दगड थोडा फिरवला. मग म्हणाला, "पण ही आधीपासून होती, की तुम्ही दगड कापून वर काढलात म्हणून पडली?"

हे चौकशीला कधी सुचलंच नव्हतं. तिनं भिंग परत घेतलं, रेघेच्या दोन्ही कडा नीट निरखल्या, आतून काही पांढरं खनिज साचलंय का ते बघितलं. साचलं असेल तर जुनी, नसेल तर नवी. काही केल्या ठरवता येईना.

"काका," तिनं कारकुनाला हाक मारली, "याच्या खालचं खोकं मिळेल का? आणि त्याच्या खालचंही?"

नवऱ्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढून घेतलं आणि तोही टेबलाला बसला.